गोराई: खाडीपलीकडचे गैरसमज

मुंबईत गोराईचं नाव काढलं की तीन गोष्टी निघतात: समुद्रकिनारा, एस्सेलवर्ल्ड आणि लांबून दिसणारा सोनेरी पॅगोडा. त्यापुढे बोलणं सरकत नाही. संग्रहालय बघायचं, जुनी गावं पायी फिरायची, वाइन कशी बनते ते समजून घ्यायचं, तर लोक नाशिकची किंवा गोव्याची वाट धरतात. बोरिवलीच्या जेट्टीवरून लाँचने खाडी ओलांडली की यातलं बरंच काही तिथेच आहे, हे बोरिवलीत जन्म काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. मला हे अज्ञान साधं वाटत नाही. ‘तिथे आहेच काय’ असं ज्या जागेबद्दल सगळे म्हणतात, त्या जागेवर कुणीही काहीही आखू शकतो. गोराईच्या वाट्याला ते येऊन गेलं आहे, म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासावेत असं वाटतं.

पहिला गोंधळ पत्त्यापासूनच आहे. बोरिवली पश्चिमेला म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने वसवलेली गोराई वसाहत वेगळी, आणि खाडीच्या पश्चिमेला नारळी-ताडांत असलेलं गोराई गाव वेगळं. कचराभूमीमुळे जे गोराई बदनाम झालं तेही खाडीच्या अलीकडचं. ती कचराभूमी २००७ मध्ये बंद झाली. गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, पण शेजारचं उत्तन ठाणे जिल्ह्यात, मीरा-भाईंदर महापालिकेत मोडतं. गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी, पाली ही सगळी गावं मिळून जुनं धारावी बेट होतं. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत धारावी घेतल्याचा उल्लेख येतो, तेव्हा वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माहीमजवळची धारावी उभी राहते. १७३९ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी घेतलेली धारावी ती नव्हे, ही. वसईच्या खाडीच्या दक्षिण तोंडाशी असलेली ही जागा हातची गेल्यावर वसईला समुद्राकडून मदत पोचवणं पोर्तुगिजांना कठीण झालं, आणि मे महिन्यात वसई पडली.

‘पॅगोडा म्हणजे ब्रह्मदेशातल्या देवळाची नक्कल’

हे तर गाइडसुद्धा सांगतात. बाह्य आकार यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतला आहे, हे खरं. पॅगोडा ज्यांच्या प्रेरणेने उभा राहिला ते सत्यनारायण गोयंका १९२४ मध्ये मंडाले इथे मारवाडी कुटुंबात जन्मले, व्यापारी झाले, आणि सयाजी ऊ बा खिन या सरकारी हिशेबखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून विपश्यना शिकले. १९६९ मध्ये ते ती भारतात घेऊन आले. भारतात लुप्त झालेली साधना ब्रह्मदेशाने सांभाळून ठेवली, त्याची कृतज्ञता म्हणून हा आकार. पण श्वेडगॉन आतून भरीव आहे. भाविक त्याच्याभोवती फिरतात, आत जाता येत नाही. गोराईचा पॅगोडा पोकळ आहे आणि त्याची सगळी मातब्बरी त्या पोकळीतच आहे.

आतल्या घुमटाचा व्यास सुमारे ८५ मीटर. विजापूरच्या गोलघुमटाचा आतला व्यास ३८ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हा त्याच्या दुपटीहून मोठा. सभागृहात आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही. खांब भिंतीत लपवले आहेत, किंवा दगडाच्या आत लोखंडी सांगाडा आहे, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. तसं नाही. पाया काळ्या कातळाचा आणि घुमट राजस्थानातून आणलेल्या वालुकाश्माचा. एकेक दगड सहाशे-सातशे किलोचा, आणि तो अशा रीतीने घडवलेला की बाजूच्या, वरच्या आणि खालच्या दगडात अडकून बसतो. उरलेल्या फटी चुन्याने भरल्या आहेत. घुमटाचं वजन खाली येतं तसं बाहेरही रेटतं. गोल कड्यांमध्ये एकमेकांना पकडून बसलेले दगड तो रेटा पेलतात. एक कडं पूर्ण झालं की ते स्वतःच स्वतःला धरून ठेवतं. लेणी कोरणाऱ्यांच्या या प्रदेशात एकविसाव्या शतकात दगडाचंच एवढं मोठं काम उभं राहिलं. त्याच्यासमोर फक्त सेल्फी काढून परतणाऱ्यांना आपण काय बघितलं हे कुणीतरी सांगायला हवं.

वास्तू जुनी आहे हाही एक समज. बांधकाम २००० च्या सुमारास सुरू झालं आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उंची सुमारे ९६ मीटर. सगळा सोन्याने मढवलेला आहे असंही म्हणतात. खरं सोनं फक्त शिखरावर आहे, बाकी सोनेरी रंग. मुख्य दारांचं कोरीव लाकूडकाम म्यानमारमध्ये झालेलं आहे.

‘आत सोडत नाहीत’ ही तक्रार अर्धी खरी आहे. मुख्य घुमटाखाली बसण्याची मुभा दहा दिवसांचं शिबिर केलेल्या साधकांना असते. बाकीच्यांना काचेपलीकडून सभागृह बघता येतं. ज्यांना थोडा वेळ डोळे मिटून बसायचं आहे त्यांच्यासाठी आनापानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची, छोटी सत्रं असतात. प्रवेशाला शुल्क नाही. एवढं सगळं विनामूल्य असताना लोक बुद्धचरित्राच्या चित्रदालनाकडे पाठ फिरवून परततात, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. गौतम बुद्धांच्या आयुष्यातले प्रसंग तिथे मोठ्या चित्रांतून क्रमाने मांडले आहेत. अजिंठ्याला अंधारात, रंग उडालेल्या भिंतीवर एखादी कथा ओळखायला धडपडावं लागतं. त्या धडपडीआधी मुलांना हे दालन दाखवलं, तर अजिंठ्याची भिंत त्यांच्याशी बोलू लागेल.

आणि बौद्ध परंपरा या किनाऱ्याला नवी आहे, असं तर मुळीच म्हणू नये. खाडीच्या पूर्वेला कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. उत्तरेला वसईपलीकडे सोपारा आहे. तिथला स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला तेव्हा आतून अवशेषांचा करंडक निघाला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्याच्याच परिसरात सापडले. करंडक एशियाटिक सोसायटीकडे गेला, शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या उपनगरी किनाऱ्याचा ऐवज शहराच्या दक्षिण टोकाला जाऊन बसला, आणि इथल्या माणसाला वाटत राहिलं की आपल्याकडे काही नव्हतंच.

‘तिथले लोक गोव्याचे, पोर्तुगीज’

क्रूस दिसला, डिसोझा-परेरा अशी आडनावं दिसली, की पाहुणा गोव्याच्या आठवणी काढू लागतो. गोराई-मनोरीच्या ईस्ट इंडियन माणसाला याचा किती कंटाळा आला असेल याची कल्पना करा. हे लोक कुठून आलेले नाहीत. वसई, साष्टी आणि मुंबईच्या बेटांवरचे कोळी, कुणबी, आगरी, भंडारी, अशा जातींतली ही घरं. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यानंतर त्यांतली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. जमीन तीच राहिली, खाडी तीच, भाषाही तीच. घरात बोलली जाते ती मराठीची इथली बोली, थोड्या पोर्तुगीज शब्दांनिशी.

मग ‘ईस्ट इंडियन’ हे नाव? ते १८८७ चं. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोवा आणि मंगळूरकडून ख्रिस्ती मंडळी येत होती. इथल्या मूळच्या ख्रिस्तींना सरकारदरबारी आपली ओळख वेगळी नोंदवायची होती. राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी असलेला आपला जुना संबंध पुढे करून हे नाव घेतलं. म्हणजे ते बाहेरून आलो असं सांगणारं नाव नव्हे. आम्ही इथलेच, हे इंग्रजांना कळेल अशा भाषेत सांगण्याचा तो मार्ग होता.

‘ख्रिस्ती आहेत तर मराठी कसे?’ हा प्रश्न अजून विचारला जातो, याचं दुःख वाटतं. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, ते मराठी ओवीत. आणि २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. इतका सलग धागा समोर असताना हा प्रश्न पडू नये.

‘संग्रहालय म्हणजे मोठी इमारत, तिकीट आणि काचेची कपाटं’

गोराईच्या दक्षिणेला लागूनच मनोरी आहे. तिथे मोबाई गावठाण पंचायत या ईस्ट इंडियन संघटनेने मोबाई भवनात समाजाचं संग्रहालय उभं केलं आहे. आकाराने ते लहान आहे. लुगडी, दागिने, दगडी जातं, उखळ-मुसळ, तांब्या-पितळेची भांडी, रोजच्या वापरातली अवजारं. ‘हे तर आमच्या आजीकडेही होतं’ असं म्हणत काही जण दोन मिनिटांत बाहेर पडतात. मला नेमकं तेच महत्त्वाचं वाटतं. शहरातल्या मोठ्या संग्रहालयात राजाची तलवार असते, देवाची मूर्ती असते. भात लावणाऱ्या, जाळी विणणाऱ्या आणि मीठ पिकवणाऱ्या माणसाच्या घरातलं सामान जपण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. ते त्या घरच्यांनाच जपावं लागतं.

या संग्रहालयातल्या वस्तूंचा निम्मा भाग कपाटाबाहेर जिवंत आहे. लाल चौकड्यांचं लुगडं आजही लग्नात आणि सणाला नेसतात. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणण्याचा विधी असतो: बँड लावून, नाचत-गात सगळं गणगोत विहिरीवर जातं. उंबर, विहीर आणि लग्नघर यांचं नातं कुठल्या धर्मात सुरू झालं हे विचारायची गरज त्या मिरवणुकीतल्या कुणालाही पडत नाही. घुमट हे वाद्य वाजवणारे आहेत, लग्नगीतं म्हणणाऱ्या बाया आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो; नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतला जातो. गोराईचं चर्च तीन राजांच्या नावाचं आहे, बाळ येशूला भेटायला आलेल्या त्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या, आणि त्यांचा सण जानेवारीच्या सुरुवातीला येतो. ३१ डिसेंबरच्या रात्री गोराईला गर्दी करणाऱ्यांनी आठवडाभर थांबून सणाच्या दिवशी यावं, असं मी मनापासून सुचवेन. तेव्हा गाव आपल्या स्वतःच्या आनंदात असतं.

बॉटल मसाल्याचंच बघा. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद आणि इतर कितीतरी जिन्नस भाजून, कांडून पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला होतो, आणि तो बिअरच्या जुन्या बाटल्यांत ठासून भरतात. गडद काचेतून उजेड आत शिरत नाही, त्यामुळे रंग आणि वास टिकतो. कांडणाऱ्या बायका घरोघर जाऊन हे काम करतात. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं, आणि ते सहसा घराबाहेर जात नाही. आता तयार मसाला विकतही मिळतो, म्हणून ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी तो गावातून घ्यावा. पैसा गावात राहतो.

‘गोराईला घरोघरी वाइन विकत मिळते’

या गैरसमजाशी जरा जास्त थांबायला हवं, कारण त्यात चव, विज्ञान आणि कायदा तिन्ही गुंतले आहेत, आणि तिन्हींबद्दल चुकीचं पसरलेलं आहे.

आधी द्राक्षांचं. इथे वाइन होते म्हणजे जवळपास द्राक्षमळे असणार, असं काहींना वाटतं. दमट समुद्रकाठी, महामूर पावसात द्राक्षवेल बुरशीने हैराण होतो. महाराष्ट्रातली वाइनची द्राक्षं नाशिक आणि पुणे जिल्ह्यांच्या पठारावर होतात: उंची सुमारे ६०० मीटर, हिवाळ्यात थंड रात्री. तिथे एप्रिलमध्ये आणि पावसाळा सरताना अशी दोनदा छाटणी करून फळ कोरड्या हिवाळ्यात आणतात. नारायणगावची शातो इंडाज ही वाइनरी १९८० च्या दशकातली. नाशिकला सुला १९९० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली आणि २००५ मध्ये तिने पाहुण्यांना चव घेता येईल असं दालन उघडलं. त्यातून नाशिकचं वाइन-पर्यटन वाढलं. राज्य सरकारनेही २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणून या उद्योगाला हात दिला. तो मोठा व्यवसाय आहे, आणि गोराईच्या घरातली वाइन ही अगदी निराळी गोष्ट.

घरची वाइन नाताळासाठी लावतात, काळ्या मनुकांची किंवा द्राक्षांची. कुणी आल्याची, बिटाची, जांभळाचीही करतं. फळ, साखर, पाणी, थोडे गहू आणि यीस्ट चिनी मातीच्या बरणीत घालतात. साधारण तीन आठवडे रोज ढवळतात, मग गाळतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. म्हणून बरणी घट्ट बंद करायची नाही, वायूला बाहेर पडायला वाट हवी. लग्नात किंवा बारशाला मिळणारं खिमाड म्हणजे वाइन नव्हे: दारूत साखर आणि दालचिनीसारखा मसाला घालून ते उकळतात आणि गरमच छोट्या पेल्यातून देतात.

‘घरची म्हणजे विषारी’ असा दुसऱ्या टोकाचा गैरसमजही आहे, आणि त्यामागे खरी भीती आहे. जून २०१५ मध्ये मनोरी खाडीच्या अलीकडे, मालाडच्या मालवणीत, गावठी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. ती गरीब माणसं होती, आणि त्यांना मारलं ते मिथेनॉलने, म्हणजे उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या विषारी रसायनाने. मनुका आंबवल्यावर असं प्राणघातक मिथेनॉल तयार होत नाही. ते बाहेरून मिसळलेलं असतं. घरगुती वाइनला मालवणीच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. पण याच कारणासाठी, अनोळखी माणसाने किनाऱ्यावर पिशवीतून काढून दिलेली बाटली घेऊ नये, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. ती घरची आहे की कुठली, हे तुम्हाला चवीवरून कळणार नाही.

आता कायदा. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि मद्य बनवणं, बाळगणं, विकणं या सगळ्याला तो परवाना मागतो. परवान्याशिवाय घरची वाइन विकणं गुन्हा आहे. नाताळात आपुलकीने पुढे केलेला पेला हा पाहुणचार असतो. त्याची किंमत विचारणं म्हणजे यजमानाला अडचणीत आणणं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली होती, पण विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. तो निर्णयही परवानाधारक वाइनरींच्या मालाबद्दल होता, बरणीतल्या वाइनबद्दल नव्हता.

माझ्या मते इथल्या भूमीचं खरं पेय वाइन नाहीच, ती ताडी. गोराईच्या वाटांवर जे ताड दिसतात ते शोभेचे नाहीत. भंडाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हे झाड पोसलं. पहाटे उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं. तसाच ठेवला तर तो हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टने काही तासांत आंबतो आणि त्याची ताडी होते. आंबणं जितका जास्त वेळ चालेल तितकी ती कडक आणि आंबट. अजून ठेवली की व्हिनेगर, आणि इंद्याल हा ईस्ट इंडियन पदार्थ त्या आंबटपणावर उभा असतो. नाताळातले गोल, पोकळ फुगेही पूर्वी ताडीवरच फुगवत. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने ताडीवर कर आणि परवान्यांचा फास आवळला, आणि भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. एवढा मोठा इतिहास ताडाच्या खोडावर चढून-उतरून झाला आहे. वाइन-पर्यटनाच्या चकचकीत पत्रकात त्याला जागा मिळत नाही, कारण ताडी गरिबाची मानली गेली. गोराईला कुणी खरोखर चवींचं संग्रहालय करायचं ठरवलं, तर पहिलं दालन ताडाचं असायला हवं.

‘मोकळी जागा आहे, विकास केला तर गावाचंच भलं’

एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, वॉटर किंगडम १९९८ मध्ये. दोन पिढ्यांच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या आणि बहुतेक मुलं गाव न बघताच परतली. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. पाळणे थांबले म्हणून गोराई थांबलं नाही, कारण गाव त्यांच्यावर उभं नव्हतंच.

या शतकाच्या पहिल्या दशकात या बेटावर हजारो हेक्टरांचं पर्यटनाचं विशेष आर्थिक क्षेत्र करायचा प्रस्ताव आला. नकाशावर ही जागा मोकळी दिसत होती: खाजण, भातखाचरं, मिठागरं, कांदळवन, किनारा. बेटावरच्या गावांनी कडाडून विरोध केला आणि ती योजना पुढे गेली नाही. नकाशात जे रिकामं दिसतं ते इथे कुणाच्या तरी उपयोगाचं असतं. भातखाचर आगेऱ्याच्या लोंब्या देतं, कांदळवनात मासळीची पिल्लं वाढतात, वाळूवर बोंबील वाळतात. गावाला पर्यटन नकोच आहे असा याचा अर्थ काढू नये. मनोरीचं संग्रहालय लोकांनी यावं म्हणूनच उघडलेलं आहे, आणि गोराईत पाहुण्यांना जेवू घालणारी घरं आहेत. त्यांना पाणी हवं, नीट रस्ता हवा, लाँचची सोय हवी, आणि गावठाणातली आपली घरं दुरुस्त करताना सरकारी कागदांत अडकून पडायला नको. या मागण्या विकासाच्याच आहेत.

जायचं असेल तर बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून किंवा मालाडच्या मार्वेवरून मनोरीला लाँचने जा. गाडीने भाईंदर-उत्तन मार्गे मोठा वळसा पडतो. मनोरीचं संग्रहालय उघडं आहे का हे आधी विचारून घ्या, कारण ते समाजाची माणसं आपला वेळ काढून चालवतात. पॅगोड्याला सकाळी, घुमटाआधी चित्रदालनाला जा. गावातून चालताना क्रुसापाशी किंवा कुणाच्या ओट्यावर फोटो काढायचा असेल, तर घरात हाक मारून विचारा, मराठीतच.